धानाचे पान आणि माणसाचे रक्त

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात सडक अर्जुनी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी.ए., बी.एड. आहे. माझे विषय मराठी आणि इतिहास. असा माणूस वनस्पतींच्या आणि मानवी शरीराच्या क्रियांवर बोलायला उभा राहतो हे पाहून कोणाला हसू आले असेल, तर त्यात त्यांची काही चूक नाही. परंतु चार वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली आणि आठवीचे विज्ञान माझ्याकडे आले. मुलांना शिकवता शिकवता मीच शिकलो. त्या शिकण्यात माझी एक मोठी चूक माझ्या पदरी पडली. ती चूक आज आपणा सर्वांसमोर सांगावी, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून ती होणार नाही, एवढाच या भाषणाचा हेतू आहे. ती शेवटी सांगेन. कारण ती समजण्यासाठी आधी थोडे जीवशास्त्र समजावे लागेल.

सुरुवात आपल्या बांधीपासून करू. आपला तालुका धानाचा. पावसाळा लागला की पऱ्हे टाकायचे, चिखल करायचा, रोवणी करायची, हे येथल्या पोराला शाळेत येण्याआधीच माहीत असते. पण मी वर्गात एक साधा प्रश्न विचारला. एका मुठीएवढ्या बियाण्यातून एवढे धान आणि एवढी तणस तयार होते. हा सारा माल आला कुठून? सगळ्या वर्गाने एकमुखाने उत्तर दिले, "जमिनीतून, सर."

हेच उत्तर शेकडो वर्षे मोठमोठे विद्वान देत होते. ब्रुसेल्सच्या व्हॅन हेल्मॉण्ट नावाच्या वैद्याने ते तपासून पाहायचे ठरवले. त्याने एका कुंडीत २०० पौंड कोरडी माती भरली, तीत विलोचे ५ पौंडांचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती कमी झाली ती अवघी दोन औंस! त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हा प्रयोग छापला गेला. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचे बनते. तेही अर्धेच खरे होते. पुढे १७७९ साली इंगेनहाउझ याने दाखवून दिले की झाडाचा हिरवा भाग उजेडात हवेवर काम करतो. आज आपल्याला माहीत आहे की पानाच्या पाठीपोटावर असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांना आपण पर्णरंध्रे म्हणतो. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत जातो, मुळांकडून पाणी येते आणि सूर्याच्या उजेडावर पानातले हरितद्रव्य या दोहोंची साखर बनवते. ऑक्सिजन बाहेर पडतो. म्हणजे आपल्या ताटातला भात हा बहुतांशी हवा आणि पाणी यांचा बनलेला आहे. मातीने दिलेले क्षार अगदी थोडे, पण ते नसतील तर सगळेच अडते.

आता दुसरी गोष्ट पाहा. पहाटे बांधीकडे गेलात तर धानाच्या पानाच्या अगदी टोकावर पाण्याचा एक थेंब लटकलेला दिसतो. आपण त्याला दव म्हणतो. दव पानभर पडते. हा थेंब मात्र टोकालाच असतो. तो आकाशातून पडलेला नाही, मुळाने खालून वर ढकललेला आहे. रात्री पर्णरंध्रे मिटलेली असतात, वाफ बाहेर जात नाही. पण मुळे पाणी ओढतच राहतात आणि तो दाब पानाच्या टोकावाटे थेंब होऊन बाहेर येतो. दिवसा याच्या उलट होते. पानातून वाफ उडते आणि तिच्या ओढीने पाणी खालून वर चढते. घरी पाहायचे असेल तर तेरड्याचे रोप मुळासकट उपटून, मुळे धुऊन, लाल शाई घातलेल्या पाण्यात ठेवा. तेरड्याची दांडी काचेसारखी असते. काही तासांत तीतून लाल रेघा वर चढताना दिसतील. त्याच जलवाहिन्या. पानात तयार झालेली साखर खाली नेणाऱ्या नळ्या वेगळ्या, त्या रसवाहिन्या.

तिसरी गोष्ट. धुऱ्यावर आपण तूर लावतो आणि बांधीत धान. हे उलटे का करत नाही? तुरीच्या मुळांशी पाणी साचून राहिले तर ती मरते. ती पाण्याने मरत नाही, श्वास कोंडल्याने मरते. मूळही श्वास घेते. पाण्याने भरलेल्या मातीत हवा नसते. धान मात्र महिनोन्‌महिने पाण्यात उभे राहते, कारण त्याच्या दांडीत आणि मुळांत पोकळ हवेच्या वाटा असतात. पानांकडून आलेला ऑक्सिजन त्या वाटांनी खाली मुळापर्यंत पोहोचतो. धानाची दांडी आडवी कापून भिंगाखाली पाहा, पोकळ्या दिसतील.

या तिन्ही गोष्टींचे सार एकच आहे. जिवंत राहणे म्हणजे पोहोचवणे. पाणी पानापर्यंत पोहोचले पाहिजे, साखर मुळापर्यंत पोहोचली पाहिजे, हवा प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचली पाहिजे. वाट बंद पडली की तेवढा भाग सुकतो. माणसाचेही असेच आहे. इंग्लंडच्या स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने झाडाच्या रसाचा दाब मोजला; ते १७२७ साली प्रसिद्ध झाले. त्याच गृहस्थाने घोडीच्या रोहिणीला काचेची नळी जोडून रक्ताचाही दाब मोजला. नळीत रक्त आठ फुटांहून वर चढले. हे १७३३ साली प्रसिद्ध झाले. झाड आणि प्राणी यांना एकच प्रश्न विचारता येतो हे त्याने ओळखले होते.

मग आता आपल्या शरीराकडे येऊ. डाव्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटे ठेवा आणि घड्याळ पाहून एक मिनिट नाडी मोजा. मोठ्या माणसाची सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास भरेल. म्हणजे दिवसाकाठी एक लाखाच्या वर ठोके. या प्रत्येक ठोक्याला हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसात पाठवते आणि डावी बाजू ते सर्व शरीरात पाठवते. फुप्फुसात रक्त ऑक्सिजन घेते, शरीरात फिरून तो वाटते आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन परत येते.

विद्यार्थी मित्रांनो, येथे मी थोडा माझ्या इतिहासाकडे वळतो. उजवीकडचे रक्त डावीकडे कसे जाते, याविषयी हजार वर्षे एक समजूत होती. ग्रीक वैद्य गॅलेन याने लिहून ठेवले होते की हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रे आहेत आणि त्यांतून रक्त पलीकडे जाते. इब्न सीना यांच्या थोर ग्रंथातही हेच होते. दमास्कसमध्ये शिकलेले आणि कैरोत वैद्यकी केलेले इब्न अन्-नफीस (१२१३ ते १२८८) यांनी त्याच ग्रंथावर भाष्य लिहिताना १२४२ साली स्पष्ट म्हटले की हा पडदा जाड आहे, त्याला छिद्रे नाहीत. रक्त उजवीकडून फुप्फुसात जाते, तेथे हवेशी मिळते आणि मग डावीकडे येते. विल्यम हार्वेचा रक्ताभिसरणावरचा ग्रंथ आला तो १६२८ साली. इब्न अन्-नफीस यांचे हस्तलिखित मात्र विस्मृतीत गेले. १९२४ साली एका तरुण इजिप्शियन डॉक्टराला, मुहियुद्दीन अत्-ततावी यांना, ते बर्लिनच्या ग्रंथालयात सापडले आणि मग जगाला कळले.

ही गोष्ट सांगून आपण नुसती छाती फुगवायची, असे मला वाटत नाही. तीत शिकण्यासारखे दुसरेच आहे. ज्या ग्रंथाविषयी मनात अपार आदर होता, त्या ग्रंथातही चुकीचे दिसले तेव्हा त्यांनी ते चुकीचे म्हटले. आदर आणि तपासणी या दोन गोष्टी एका माणसात एकत्र राहू शकतात. तपासणी हा शब्द लक्षात ठेवा. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

रक्तातला ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम तांबड्या पेशी करतात. रक्ताच्या एका बारीक थेंबात त्या लाखोंनी असतात. पेशी गोल, मध्ये दोन्ही बाजूंनी दबलेली आणि फार लवचिक. केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांतून जाताना ती अंग चोरून, दुमडून पुढे सरकते. सुमारे १२० दिवस ती काम करते आणि मग मोडते. हाडांच्या मगजात नवी तयार होते. या पेशीत हिमोग्लोबिन असते, त्यामुळे रक्त लाल दिसते.

आणि येथे निसर्गाची एक नवलाई पाहा. पानातले हरितद्रव्य आणि रक्तातले हिमोग्लोबिन यांच्या गाभ्याची घडण बरीचशी सारखी आहे. दोन्हींत एकाच प्रकारचे अणूंचे कडे असते. पानात त्या कड्याच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेले असते, रक्तात लोह. जर्मनीच्या हान्स फिशर यांना या दोन्हींवरील संशोधनासाठी १९३० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. धानाचे हिरवे पान आणि आपले लाल रक्त असे दूरचे नातेवाईक आहेत.

आता पान पिवळे पडले तर आपण काय करतो, ते आठवा. शेतकरी पाहतो की जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली की नवी. जुनी पिवळी पडली तर नत्र कमी असेल. कोवळी पडली तर लोह कमी असेल. रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पानावर गंजासारखे ठिपके आले तर जस्त कमी असेल. तो पान तोडून कृषी केंद्रात नेतो, चार जणांना दाखवतो, विचारतो. पान पिवळे पडले म्हणून धानाला कोणी आळशी म्हणत नाही.

मित्रहो, आता माझी चूक सांगतो.

माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. वडील ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करत. मुलगा शांत, अक्षर सुरेख, पण महिन्यात पाच-सहा दिवस गैरहजर. खेळाच्या तासाला तो कडुनिंबाखाली बसून राही. विचारले की म्हणे, "सर, पाय दुखतात." डोळे जरा पिवळसर असत, ते मला दिसत, पण मी पाहत नव्हतो. एक दिवस डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत सकाळच्या तासाला मी त्याला उठवले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "आज तुझे नखरे चालायचे नाहीत." त्याला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. त्याने तीन मारल्या. चौथी त्याला मारता आली नाही.

पुढचे आठ दिवस तो आला नाही. नवव्या दिवशी त्याची आई शाळेत आली. तिने भांडण केले नाही. फक्त म्हणाली, "सर, हा खोटं बोलत नाही. रात्री हाडं दुखतात म्हणून रडतो. याला पळायला लावू नका." मी मान हलवली, आणि मनात म्हणालो, आईनेच लाडावून ठेवला आहे. माझ्या मनात आलेले हे वाक्य आजही मला बोचते.

त्यानंतर दोन महिन्यांनी आरोग्य विभागाचे पथक शाळेत तपासणीला आले. बोटाला सुई टोचून एक थेंब रक्त घेतले, नळीतल्या द्रावणात टाकले. बाकी मुलांची नळी स्वच्छ राहिली; काहींची गढूळ झाली, त्यात याची होती. पुढची तपासणी मोठ्या ठिकाणी झाली आणि निदान आले: सिकलसेल आजार.

सिकल म्हणजे विळा. या आजारात तांबड्या पेशीतला ऑक्सिजन कमी झाला की पेशी गोल राहत नाही. ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी केशवाहिनीत अडकतात. वाट बंद होते आणि पुढच्या भागाला ऑक्सिजन पोहोचत नाही. मघाशी मी म्हणालो की जिवंत राहणे म्हणजे पोहोचवणे. येथे पोहोचवणेच थांबते. हाडांत, सांध्यांत, पोटात, छातीत असह्य वेदना होतात. बाहेरून जखम दिसत नाही, सूज दिसेलच असे नाही. म्हणून पाहणाऱ्याला ढोंग वाटते. शिवाय या पेशी १२० दिवस टिकत नाहीत, दहा-वीस दिवसांत मोडतात. म्हणून रक्त कमी, म्हणून थकवा, आणि मोडलेल्या पेशींचे पिवळे द्रव्य साठते म्हणून डोळे पिवळे. थंडी, शरीरातले पाणी कमी होणे, ताप आणि अति श्रम यांनी वेदना उसळते. मी त्याला थंडीत पळवले होते. वाईटात वाईट जे करता येईल, ते मी शिस्तीच्या नावाखाली केले होते.

निदानानंतर त्याने मला एकच प्रश्न विचारला, "सर, माझ्यात काय चुकलं?" मराठी-इतिहासाच्या शिक्षकाजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी मी पुस्तके वाचली, डॉक्टरांना विचारले. जे समजले ते असे.

हा आजार वैद्यकाच्या कागदावर प्रथम आला तो १९१० साली, शिकागोच्या डॉ. हेरिक यांच्या लेखात. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्राम यांनी दोष नेमका कोठे आहे ते शोधले. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात. त्यांपैकी बीटा नावाच्या साखळीत १४६ मणी. त्या तसबीहमधला सहावा मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बस्स, एवढेच. मी त्या मुलाला सांगितले, "तुझे काही चुकले नाही. तुझ्या आईवडिलांचेही नाही. एक मणी वेगळा आहे."

हा मणी आईवडिलांकडून येतो. प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या आपल्याजवळ असतात, एक आईची आणि एक वडिलांची. एक चिठ्ठी चांगली आणि एक सिकलसेलची असेल तर तो माणूस वाहक. त्याला सहसा काही त्रास होत नाही आणि आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. दोन्ही चिठ्ठ्या सिकलसेलच्या आल्या तर आजार. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची, चारात दोन वाहकाची आणि चारात एक पूर्ण निरोगी मुलाची. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन ठीक निघतील, असे नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या नव्याने पडतात. आईवडिलांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन तपासणीत निर्दोष असेल, तर मुले वाहक होऊ शकतात, पण सिकलसेलची आजारी होत नाहीत.

मग ही चिठ्ठी आपल्या जंगलपट्टीत एवढी का? याचेही उत्तर शरीरशास्त्रातच आहे. ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवले की वाहकाला घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने माणसे मेली, तेथे वाहक तगले आणि ही चिठ्ठी टिकली. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर हा मलेरियाचा जुना पट्टा. तेव्हा वाहकाचे रक्त हलके, अशी कल्पना कोणी करत असेल तर ती सोडून द्यावी. ते रक्त मलेरियाशी झुंजून येथवर आलेले आहे.

आपल्या भागात काही समाजांत हे प्रमाण जास्त आढळते, हे खरे. त्यावरून आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात, "तो त्यांचा आजार आहे, आपल्यात नसतो." त्या मुलाच्या घरीही असेच म्हणत होते. रक्त आपली जात आणि मोहल्ला विचारत नाही. सिकलसेलचाच भाऊबंद असलेला थॅलेसेमियाही आहे. एक चिठ्ठी सिकलसेलची आणि दुसरी थॅलेसेमियाची आली तरी मूल आजारी होऊ शकते. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्याकडे चुलत, मावस, मामे, आते भावंडांत लग्ने होतात. एका आजोबांच्या घरातून आलेली एकच चिठ्ठी नवरा-नवरी दोघांजवळ असण्याची शक्यता अशा नात्यात वाढते. मी नाते जोडू नका असे म्हणत नाही. मी तपासणी करा असे म्हणतो, आणि ती निकाहची तारीख धरण्याआधी करा. मुलीची तपासणी मागायची आणि मुलाची टाळायची, हा प्रकार तर मुळीच चालणार नाही. हिशेब दोघांचा मिळूनच होतो. तपासणीचा कागद कोणाचा कमीपणा ठरवण्यासाठी नसून उद्याच्या बाळासाठी आहे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे लक्ष्य ठरवले आहे. पण सरकारची नळी आपल्या बोटापर्यंत आली आणि आपणच हात मागे घेतला, तर अभियान काय करील?

घरात आजारी मूल असेल तर काय करावे, हे डॉक्टरच सांगतील. तरी शिक्षकाने आणि पालकाने लक्षात ठेवण्याजोग्या गोष्टी थोडक्यात सांगतो. मुलाला पाणी भरपूर द्यावे. वर्गात पाण्याची बाटली आणि लघवीला जाण्याची मोकळीक असावी. थंडीपासून जपावे. फॉलिक ॲसिडच्या आणि डॉक्टरांनी दिल्या असतील तर हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या चुकवू नयेत, आणि मनाने बंदही करू नयेत. लसी वेळेवर द्याव्यात. ताप आला, धाप लागली, छातीत दुखले, एखादी बाजू लुळी पडली किंवा लहान मुलाची पानथरी एकाएकी वाढून ते पांढरेफटक पडले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. रक्त कमी म्हणजे लोहाच्या गोळ्या, असे सरसकट धरू नये. आपल्या मुलींत लोहाची कमतरता पुष्कळ असते, त्यांना गोळ्या, हिरव्या भाज्या, डाळी, जेवणात लिंबू आणि जेवणालगत चहा टाळणे हे उपयोगी आहे. पण सिकलसेलमध्ये रक्त कमी होते ते पेशी मोडल्याने; तेथे लोह द्यायचे की नाही हे तपासूनच ठरते. पान पिवळे दिसले म्हणून प्रत्येक वेळी युरियाच टाकायचा नसतो, तसेच हे आहे.

रमजानविषयीही मला विचारले जाते. आजारी माणसाला रोजा पुढे टाकण्याची सवलत आपल्या दीनमध्येच दिलेली आहे, हे आपण सर्व जाणतो. दिवसभर पाणी न घेणे या आजारात वेदनेला आमंत्रण ठरू शकते. डॉक्टरांनी मना केले असेल तर मुलाला टोमणे मारू नका आणि शेजाऱ्याच्या मुलाशी त्याची तुलना करू नका. त्याला दिलेली सवलत त्याच्यापासून हिरावून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता शेवटचे तुमच्यासाठी. जीवशास्त्र हा पाठांतराचा विषय आहे, आकृत्या घोटल्या की गुण मिळतात, असा समज आहे. मीही आठवीला प्रथम तसेच शिकवले. हृदयाची आकृती मी फळ्यावर सुंदर काढत होतो. आणि त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेल्या मुलाच्या रक्तात काय चालले आहे, याचा मला पत्ता नव्हता. आकृती मला येत होती, शरीर मला कळत नव्हते. तुम्ही तसे शिकू नका. धानाचे पान तोडा, भिंगाखाली धरा. तेरडा लाल पाण्यात ठेवा. आपली, आजीची, लहान भावाची नाडी मोजा आणि ती वेगवेगळी का येते हे विचारा. पुस्तकात आहे म्हणून मानू नका, इब्न अन्-नफीस यांनी मानले नाही. आणि तुमच्या बाकावरचा एखादा मित्र खेळायला नको म्हणाला, तर त्याला चिडवण्याआधी त्याच्या डोळ्यांकडे एकदा नीट पाहा.

तो मुलगा यंदा बारावीला आहे. विषय जीवशास्त्रच घेतला आहे. वेदना अजून येतात, पण पूर्वीपेक्षा कमी. गोळ्या नियमित चालू आहेत. मागच्या थंडीत तो मला रस्त्यात भेटला. स्वेटर, मफलर, खांद्याला पाण्याची बाटली. मी त्याची माफी पूर्वीच मागितली होती, तरी पुन्हा मागितली. तो हसला आणि म्हणाला, "सर, तुम्हाला तरी कुठे कोणी शिकवलं होतं?"

त्याने मला सोडून दिले. पण आज हे भाषण ऐकलेल्या आणि उद्या स्मरणिकेत वाचणाऱ्या कोणालाही ती सबब आता उरलेली नाही. पालकांनो, या महिन्यातच मुलांना घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि सिकलसेलची तपासणी करून घ्या. एका थेंबाचे काम आहे.